रंगाखालचा आकडा

चिंच आणि राख लावून घासलेलं तांब्याचं भांडं माघातल्या कोवळ्या उन्हात उपडं घातलं की त्याला एक वास सुटतो. आंबट, ओलसर आणि बराच वेळ रेंगाळणारा. माझ्या वयाच्या बाईला आता वास फारसे येत नाहीत, पण हा एक अजून वाट चुकत नाही. तो आला की गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतलं आमचं ठाण्याचं, चरईतलं अंगण डोळ्यांपुढे उभं राहतं, पारिजातकाच्या बुंध्याशी पाय पसरून बसलेला महादू तांबट दिसतो, आणि त्याच्या छिन्नीवर पडणाऱ्या इवल्याशा हातोडीची टिकटिक कानांत सुरू होते. ती सुरू झाली की हातातलं काम बाजूला ठेवून मी घटकाभर स्वस्थ बसते.

महादू भांड्यांवर नावं घालायचा. दिवाळीआधी आणि लग्नसराईआधी असा वर्षातून दोनदा तो कल्याणहून यायचा, आणि आळीतल्या बायका नवीजुनी भांडी त्याच्यापुढे मांडून ठेवायच्या. एकेक भांडं मांडीवर घेऊन, मान कलती करून, ठिपक्याला ठिपका जोडत तो नाव उमटवायचा. अक्षर असं की कागदावर बोरूनेही कुणाचं इतकं वळणदार येऊ नये. नाव पुरं झालं की शेवटी तीन बारीक ठिपके द्यायचा, चुलीच्या तीन दगडांसारखे. ती त्याची खूण. त्या काळी कुणाकडे कार्य निघालं की अख्ख्या आळीची भांडी त्या घरी जात, आणि कार्य उरकल्यावर नावं वाचून ज्याची त्याच्याकडे परत येत. नाव असलेली वस्तू कितीही फिरली तरी अखेर घरी येते, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती, आणि पुढे जे झालं ते या समजुतीपायीच झालं.

आमचे हे तेव्हा देवी टोचण्याच्या खात्यात होते. त्यांचं नाव मी इथेही लिहिणार नाही; आता रागावणारं कुणी उरलेलं नाही, पण हाताला पडलेलं वळण जात नाही. नोकरी होती, पण कायम नव्हती. खांद्याला औषधांची पेटी अडकवून हे माजिवड्याला जात, कोलशेतच्या कोळीवाड्यात जात, खाडीपलीकडे दिव्याच्या मिठागरांवर जात, आणि सगळं पायी. लोक पोरं लपवत, कधी कुत्री अंगावर सोडत, तरी हे पुन्हा पुन्हा जात. परतायला दिवेलागण होई, कधी ताप घेऊनच येत, आणि मी दाराशी उभी राहून रस्त्याच्या वळणाकडे पाहत असे.

एका वर्षी कल्याणकडे आगगाडीच्या कामावर असलेल्या एका गोऱ्या साहेबाच्या नोकरचाळीत देवी आल्या. हे पंधरा दिवस रोज तिथे जात होते. साहेबाच्या खानसाम्याची मुलगी वाचली. पुढे साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याने आपली सायकल यांना देऊन टाकली, आणि सोबत स्वतःच्या हातची एक चिठ्ठी दिली, की अमुक आकड्याची ही गाडी मी राजीखुशीने देत आहे. ठाण्यात तेव्हा सायकली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लोक तिला पायगाडी म्हणत. काळाभोर चकचकीत रंग, ऊन पडलं की डोळे दिपवणारी चाकं, आणि मुठीजवळ एक छोटीशी घंटा. सासूबाईंनी आधी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग तिला हळदकुंकू लावलं, आणि मग ‘हिच्यावर बसायचं तरी कुठे?’ म्हणून विचारलं. यांनी बसून दाखवलं, चाफ्याच्या झाडावर आदळून दाखवलं, आणि आठवड्याभरात खरोखरच चालवूही लागले. दिवेलागणीला येणारे हे उन्हं असतानाच घरी येऊ लागले. त्या साहेबाचा चेहरा मी कधी पाहिला नाही, पण देवापुढे हात जोडताना त्याचीही आठवण काढत असे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आणि सुख आलं की त्याच्यामागे काळजी आलीच. ही एवढी देखणी वस्तू, गावोगाव फिरणारी, कुणाच्याही कुंपणाला टेकून ठेवलेली, हरवली तर? कुणी नेली तर? लग्नसराईआधी महादू आला, अंगणात भांडी मांडली गेली, आणि माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. सासूबाई देवळात गेल्या होत्या, आणि हे ओसरीवर सायकल ठेवून कचेरीत. मी सायकल अंगणात आणली आणि लग्नातलं घंगाळ महादूपुढे ठेवून म्हटलं, ‘या घंगाळावर जे नाव आहे, तेच हिच्यावर घाला.’

महादूने सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ‘बाई, पोलाद हाय ते. पितळंसारखं ऐकायचं नाय,’ तो म्हणाला. पण कारागिराला कठीण गोष्टीची ओढ असतेच. भांडं मांडीवर स्थिर बसतं. सायकल दोन चाकांवर, तिला कुणीतरी धरायला हवं. मी धरली. बैठकीखालच्या जाड सांध्यावर त्याने छिन्नी टेकवली आणि पहिला ठिपका पडला, आणि त्याबरोबर मुठीजवळची घंटा आपोआप किणकिणली. दुसरा ठिपका, पुन्हा किण. नावाचं एकेक अक्षर उमटत होतं आणि घंटा जणू त्याला होकार देत होती. वय माझं तेव्हा एकोणीस, आणि ज्याचं नाव मला तोंडाने घेता येत नव्हतं ते असं वाजतगाजत उमटताना पाहून मला हसू आवरेना. शेवटच्या अक्षराला मी खळखळून हसले, हात ढिला पडला, चाक फिरलं आणि सायकल घसरली. सावरायला गेले तर पाटलीचा ओरखडा रंगावर उठला, आणि महादूची छिन्नी उडून खाली एक आडवा घाव घालून गेली.

घाव जिथे पडला तिथे रंगाखाली काही इंग्रजी आकडे होते. कारखान्यात ठोकलेले; त्यावर रंगाचा जाड थर, म्हणून आधी घरात कुणाच्या लक्षातही आले नव्हते. शेवटच्या आकड्याच्या मधोमध तो घाव बसला होता. महादूने शांतपणे तीन ठिपके दिले, हत्यारं पोतडीत भरली आणि तो गेला. यांनी संध्याकाळी नाव पाहिलं आणि मोठ्याने हसले. ‘आता हिला पंगतीला पाठवायला हरकत नाही,’ म्हणाले. घावाबद्दल मी काही सांगितलं नाही. इतक्या आनंदात कुठे सांगायचं, असं स्वतःशी म्हटलं. लबाडी अशी नेहमी समजूतदारपणाचे कपडे घालूनच येते, हे कळायला मला पुढचे काही दिवस लागले.

फाल्गुनात ठाण्यातल्या एका मोठ्या अंमलदाराची सायकल चोरीला गेली. आकडा त्या अंमलदारालाच ठाऊक नव्हता. काळी होती, एवढीच खूण. फौजदार मोठा काटेकोर माणूस. त्याने ठरवलं की जिचा आकडा मोडलेला सापडेल तीच चोरीची, आणि गावातली एकेक सायकल तपासत तो आमच्या ओसरीवर आला. खाली वाकला, बोट फिरवलं, आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. आकडा फोडलेला, त्यावर ठिपक्यांनी नाव घातलेलं, आणि वर म्हणे साहेबाने फुकट दिली! चिठ्ठी दाखवली, तर चिठ्ठीतला शेवटचा आकडा गाडीवर वाचताच येईना. साहेब विलायतेत, पत्र जाऊन उत्तर यायला महिने. यांच्या कायम नेमणुकीचा कागद मात्र येत्या पंधरवड्यात सहीसाठी वर जायचा होता. चोरीच्या मालाचा शेरा त्याला लागला असता तर कायम नोकरी राहिली बाजूला, होती तीही गेली असती.

‘हे नाव कुणी घालून घेतलं?’ फौजदाराने विचारलं. मी दाराआड उभी होते. ‘मी,’ हे म्हणाले. एका क्षणाचाही विलंब न लावता, माझ्याकडे न पाहता म्हणाले. फौजदाराने सायकल ओसरीच्या खांबाला सुतळीने बांधली, गाठीवर लाख ओतून मोहोर उठवली, यांना ठाण्याबाहेर जायची बंदी केली, आणि नाव घालणाऱ्याला आठ दिवसांत हजर करा, असं बजावून गेला.

त्या रात्री सगळे जेवायला बसले आणि कुणीच जेवलं नाही. महादूचं घर कुठे आहे हे एकट्या मला ठाऊक होतं. गप्पांच्या ओघात त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. मी ते बोलले मात्र, सासूबाई म्हणाल्या, ‘उद्या आपण दोघी जाऊ.’ आगगाडी होती, पण गाडीत अर्धं ठाणं भेटतं आणि प्रत्येकाला कुठे निघालात ते सांगावं लागतं, म्हणून त्यांनी खाडीचा रस्ता धरला. कोलशेतचा इनास पेंढ्याची होडी घेऊन कल्याणला जायचा होता. गळ्यात क्रूस, तोंडात विडी, आणि आम्ही कोण हे कळताच ती विडी त्याने पाण्यात फेकली. ‘माज्या तिनी पोरांना डॉक्टरांनी टोचलंय, बाय. बसा. होडी तुमचीच हाय,’ तो म्हणाला.

त्या सकाळची खाडी मी अजून विसरलेले नाही. भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांतून हलकेच आत शिरत होतं, दोन्ही तीरांवर मिठाचे नुकते रचलेले शुभ्र ढीग उन्हात चमकत होते, चिखलाचा, माशांचा आणि कुठल्याशा आंब्याच्या मोहोराचा असा एक मिश्र, उष्ण गंध वाऱ्यावर तरंगत होता, आणि एवढ्या सगळ्या सौंदर्यातून मी एखाद्या गुन्हेगारासारखी चालले होते. दिव्याची मिठागरं आली तेव्हा मला वाटलं, आता सासूबाईंना सांगावं. तोंड उघडलं. त्या पदराच्या टोकाने माझ्या डोक्यावर सावली धरून बसल्या होत्या. ते पाहिलं आणि मी इनासला कल्याण अजून किती लांब आहे, एवढंच विचारलं.

कल्याणच्या बाजारामागच्या गल्लीत महादू सापडला. सासूबाईंनी सगळी हकीकत सांगितली. घरातली माणसं त्याला म्हणाली, ‘जाऊ नका, सरकारी भानगड आहे, तुम्हालाच धरून ठेवतील.’ त्याने ऐकून घेतलं. एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. मग त्याने पोतडी उचलली आणि विचारलं, ‘होडी कंदी सुटती?’

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली. फौजदार ओसरीवर खुर्चीत, हे खांबाशी, कुंपणापलीकडे अर्धी आळी, आणि दाराआड आम्ही दोघी. महादू सायकलीपाशी उकिडवा बसला. त्याने वाटीभर पाणी, फडकं आणि चिमूटभर रांगोळी मागितली. आधी त्याने सांधा पुसला, मग डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं, मग छिन्नीचा मागचा भाग हलकेच वाजवून आवाज ऐकला. माणसाची अब्रू एका तांबटाच्या बोटाच्या टोकावर येऊन थांबली आहे, हे त्या क्षणी मला इतकं स्पष्ट दिसलं की मी सासूबाईंचा हात घट्ट धरला.

‘सायेब, जवळ या,’ महादू म्हणाला. ‘ह्या आकड्यांच्या पोटात बघा. रंग हाय, पार तळापत्तुर. म्हंजे आकडा आधी, रंग मागनं. आन् हे माझे ठिपके. ह्यांच्या पोटात रंग नाय, गंज हाय. म्हंजे रंग आधी, ठिपके मागनं. आकडा कुणी बदलला असता तर आधी कानस मारावी लागती. कानस मारली की रंग जातो, आन् जागा पातळ होऊन बद्द वाजती. ही टणक वाजती. मोडलेली नावं मी जल्मभर बघितलीत, सायेब. चोरीची भांडी बी लोक घेऊन येत्यात माझ्याकडं, नाव मोडून द्या म्हणून. मी हात लावत नाय. हा आकडा अस्सल हाय.’

मग त्याने आकड्यांवर रांगोळी दाबून भरली आणि वरची फुंकून टाकली. काळ्या रंगावर एकेक इंग्रजी आकडा पांढराशुभ्र उठून दिसू लागला. शेवटचा, घाव बसलेला आकडा दोन तुकड्यांत होता, पण दोन्ही तुकडे ओळखू येत होते. फौजदाराने चिठ्ठी जवळ धरली. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. सहा. चिठ्ठीतही सहा.

‘आणि हा आडवा घाव?’ तो म्हणाला. ‘नेमका आकड्यावर? हा तर मुद्दाम घातल्यासारखा दिसतो.’

मी दाराबाहेर पाऊल टाकलं. खरंच टाकलं होतं. हे मी माझ्या समाधानासाठी लिहीत नाही. पण महादूचा आवाज त्याआधी आला.

‘तो माझा. हात चुकला.’

‘इतका नावाजलेला कारागीर तू, आणि हात चुकतो?’

‘चुकतो, सायेब. डोळं कमी झाल्यात आता.’

हे त्याने अर्ध्या आळीच्या देखत म्हटलं, ज्या आळीच्या भांड्यांवर त्याचं पोट होतं. आणि तो बोलत असताना मला दिसलं, की सायकलीवर टेकलेला त्याचा डावा अंगठा तपासणी सुरू झाल्यापासून एका जागेवरून हललाच नव्हता. त्या अंगठ्याखाली माझ्या पाटलीचा ओरखडा होता.

फौजदाराने पंचनामा लिहिला, आकडा अस्सल असल्याचं नमूद केलं आणि लाखेची मोहोर फोडली. पंधरवड्यात नेमणुकीचा कागद सही होऊन आला. या घरात पुढे जे जे झालं, मुलांची शिक्षणं, लेकींची लग्नं, ते सगळं त्या कागदावर उभं राहिलं. हे रोज सकाळी सायकल पुसत, पण तो ओरखडा त्यांनी कधी रंगवून घेतला नाही. मला वाटतं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि त्या न विचारण्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहिले.

महादूला मात्र ते वाक्य महाग पडलं. दिवाळीआधी तो आला तेव्हा आळीतल्या बायका म्हणाल्या, ‘त्याचा हात चुकतो म्हणे आता,’ आणि भांडी घरातच राहिली. अंगणात तो एकटाच बसला होता. मी घरात गेले आणि ज्यावर नाव नव्हतं ते सगळं बाहेर आणलं. पळ्या, झारे, उलथनी, चिमटा, निरांजन, अगदी अडकित्तासुद्धा. सासूबाई पाहत राहिल्या, आणि मग मुकाट्याने आत जाऊन आपली पानाची डबी घेऊन आल्या. असं चार वर्षं चाललं. हळूहळू लोकांना दिसलं की आमच्या घरची अक्षरं पूर्वीइतकीच देखणी आहेत, आणि एकेक घर त्याच्याकडे परत आलं. सगळी मात्र नाही आली.

शेवटच्या खेपेला नाव घालायला आमच्याकडे काही उरलंच नव्हतं. मी माहेरून आणलेला तांब्या काढला, माझा पाणी पिण्याचा. ‘कोणाचं नाव, बाई?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘तुमचं घाला.’ आणि मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सांगायला लागले, की महादूबाबा, त्या दिवशी सायकल मी… त्याने हात वर करून मला थांबवलं.

‘नाव मालकाचं घालायचं असतं, बाई. माझं घातलं तर तांब्या माझा होईल, मग तुमच्याकडं कसा ऱ्हाईल?’ तो हसला. थोडा वेळ त्याने तांब्या उन्हात फिरवून फिरवून पाहिला, आणि नुसतेच तीन ठिपके देऊन माझ्या हातात ठेवला.

गेल्या महिन्यात नातीच्या लग्नाची भांडी काढली होती. चिंच आणि राखेचा तो वास अंगणभर होता. नात नावं वाचून भांडी लावत होती, आणि चिमट्यावरसुद्धा नाव पाहून हसत होती. तांब्या हातात आला तेव्हा तिने तो फिरवून पाहिला आणि विचारलं, ‘आजी, यावर नाव घालायचं राहिलं वाटतं?’

‘राहिलं नाही गं. अंगठा फिरव.’

तिने फिरवला. ‘तीन ठिपके आहेत. कुणाची खूण?’

हे आता नाहीत, सासूबाई नाहीत, महादू नाही, सायकलही कधीच मोडीत गेली. सायकलीची गोष्ट या घरात पुष्कळदा सांगून झाली आहे. फौजदार, रांगोळी, पांढरा उठलेला सहाचा आकडा, सगळं मुलांना पाठ आहे, आणि त्या गोष्टीत छिन्नी चुकते ती नेहमी महादूची. नातीला मी जवळ बसवलं. तांब्या दोघींच्या मध्ये ठेवला.

‘सायकल मी धरली होती,’ मी म्हणाले.